आयर्लंडचं गाव ग्लासगोच्या कागदात

पत्र:
ताई, मी मूळची साताऱ्याची, अकरा वर्षं झाली, ग्लासगोजवळ राहते. नवरा इथलाच. मुलाला शाळेत घराण्याचा वंशवृक्ष करून आणायला सांगितलंय. माझ्या माहेरचा प्रश्न नाही. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही आहे आणि त्यांच्या मागच्या तीन पिढ्यांची नावंही आहेत. नवऱ्याकडचं मात्र काहीच हाती लागत नाही. सासरे एवढंच सांगतात, की त्यांचे पणजोबा आयर्लंडच्या डोनेगॉलहून आले, ग्लासगोलगतच्या गव्हनला जहाजाच्या कारखान्यात मजुरी करायचे आणि १८९७च्या सुमारास वारले. मागे बायको आणि पाच लहान मुलं. गाव कुठलं, कोणालाच ठाऊक नाही. जो तो म्हणतो, आयर्लंडचे कागद जळाले, नाद सोड. एका वेबसाइटला पैसे भरले, तर तिथे आमच्या आडनावाचा वंशवृक्ष थेट एका राजापर्यंत गेलेला दिसला. तो खरा धरू का? आणखी एक. सासूबाईंच्या आजीची १९०६ सालची जन्मनोंद मिळाली, किल्मार्नॉकची. नावाखाली 'अनौरस' असं लिहिलंय आणि वडिलांचं नाव नाही. सासूबाईंना हे माहीत नसावं. सांगू की नको?

उत्तर:
तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी हे सांगते, की आयर्लंडकडे अजून वळूच नका. तुमच्या सासऱ्यांच्या पणजोबांचं गाव सापडायचं असेल, तर ते बहुधा तुम्ही राहता तिथेच, ग्लासगोच्या कागदांत सापडेल.

कारण असं. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५पासून सक्तीची झाली. आयर्लंडमध्ये सगळ्यांसाठी ती सुरू झाली १८६४ला. (कॅथलिक नसलेल्यांची लग्नं तेवढी १८४५पासून नोंदली जात होती.) पणजोबा वारले १८९७ला आणि तेव्हा मुलं लहान होती, म्हणजे त्यांचा जन्म १८४५ ते १८५५च्या मधला धरू. आयर्लंडच्या सरकारी दप्तरात त्यांच्या जन्माची नोंद असणं शक्यच नाही. आणि समजा ते परत जाऊन डोनेगॉललाच वारले असते, तरी तिथल्या मृत्यूनोंदीत नाव, वय, धंदा, आजार आणि खबर देणारा माणूस एवढंच आलं असतं. तिथे आईवडिलांची नावं विचारतच नसत. गव्हनच्या रजिस्ट्रारला मात्र ती विचारावीच लागत. मेलेल्या माणसाच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव, ती दोघं हयात आहेत की नाहीत, सगळं. घर सोडून आलेल्या भावाच्या आईचं माहेर असं स्कॉटलंडच्या कागदावर टिकलं. घरीच राहिलेल्या भावाच्या कागदावर ते नाही. मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा त्या ओळीवरून बोट हलवावंसं वाटेना.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पणजोबांची मृत्यूनोंद काढणं. 'स्कॉटलंड्सपीपल' ही सरकारी अभिलेखागाराची साइट आहे. तिथे एकेका नोंदीचे थोडे पैसे भरून मूळ पानाचं चित्र मिळतं. जन्म १०० वर्षांपेक्षा, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपेक्षा जुना असेल तरच ते चित्र उघडतं, त्यामुळे तुमचं काम अडणार नाही. एडिनबरोला जनरल रजिस्टर हाउसमध्ये बसूनही हे पाहता येतं. दिवसभर पानं चाळायची असतील तर तिथेच जावं.

मृत्यूनोंद मिळाली की नाव वाचून थांबू नका. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव आणि नातं असतं, तिकडे नीट बघा. खबर बायकोने दिली असेल तर सासूचं माहेरचं आडनाव तिला माहीत असण्याचा संभव बराच आहे. मोठ्या मुलाने दिली असेल आणि तो गव्हनमध्येच जन्मलेला असेल, तर त्याने आजी कधी पाहिलेलीच नसणार, मग त्याच्या सांगण्यावर अर्धाच विश्वास. शेजाऱ्याने दिली असेल तर आईवडिलांच्या जागी 'माहीत नाही' असंच वाचायची तयारी ठेवा. अक्षर येत नसलेला माणूस सहीच्या जागी फुली मारायचा आणि रजिस्ट्रार बाजूला 'याची खूण' असं लिहायचा. आपल्याकडच्या 'निशाणी डावा अंगठा'सारखंच. फुली दिसली की समजा, आडनावाचं स्पेलिंग घरच्यांचं नाही, रजिस्ट्रारच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे. डोनेगॉलचा उच्चार ग्लासगोच्या माणसाच्या कानी पडला की आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' गळतो, 'मॅक' चिकटतो, एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावं वेगळी दिसतात. तेवढ्यावरून 'हे आपले नाहीत' म्हणून पान उलटू नका.

त्यानंतर लग्नाची नोंद आणि पाचही मुलांच्या जन्माच्या नोंदी. हो, पाचही. स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत १८६१पासून आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं तेही लिहिलेलं असतं. ती दोघं आयर्लंडमध्येच लग्न करून आली असतील, तर एका मुलाच्या नोंदीत नुसतं 'आयर्लंड', दुसऱ्याच्या 'डोनेगॉल' आणि तिसऱ्याच्या पॅरिशचं (चर्चच्या हद्दीप्रमाणे आखलेल्या छोट्या विभागाचं) नाव, असं होऊ शकतं. दरवेळी रजिस्ट्रार वेगळा असायचा आणि सांगणाराही. एका नोंदीचे पैसे वाचवायला जाल आणि नेमकी गावाचं नाव असलेली हुकेल. लग्न स्कॉटलंडमध्ये झालं असेल तर आणखी चांगलं, कारण इथल्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आयांच्या माहेरच्या आडनावांसकट. इंग्लंडच्या त्या काळच्या नोंदीत नुसते बाप असतात.

आईच्या माहेरच्या आडनावाचं मी इतकं का लावून धरते, ते सांगते. इथल्या माझ्या एका वयस्क शेजारणीच्या घराण्याचा शोध घेताना मी आठ महिने भलत्याच माणसामागे गेले होते. नाव तेच, पॅरिश तीच, वयही तेच. चार पिढ्या जुळवल्या, त्यांना कागद दाखवले, त्या हरखून गेल्या. मग त्याच माणसाची मृत्यूनोंद आली आणि आईचं आडनाव दुसरंच निघालं. एकाच नावाची, एकाच वर्षी जन्मलेली दोन चुलतभावंडं होती, आजोबांचं नाव दोघांनाही दिलेलं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, ही रीत स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये इतकी पाळली जायची की चार भावांच्या घरांत एकाच नावाचे चार नातू असायचे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात तसंच. ही रीत शोधाला मदत करते आणि फसवतेही. शेजारणीला खरं सांगायला गेले तो दिवस मला अजून आठवतो.

तुमच्या त्या राजापर्यंतच्या वंशवृक्षाचं उत्तर यातच आलं. कोणीतरी सारख्या नावाची माणसं एकमेकांना जोडत गेलंय आणि पुढच्याने ते न तपासता उतरवून घेतलंय. त्यातल्या दर पिढीला एकच विचारा, की हा त्याचाच मुलगा हे कुठल्या कागदावर आहे? उत्तर नसेल तिथे फांदी तोडायची. स्कॉटलंडमध्ये १८५५च्या मागे जायचं तर जुनी पॅरिश रजिस्टरं आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं पर्थशरमधल्या एरल गावचं, १५५३ सालचं. पण ती सक्तीची नव्हती आणि त्यांत खूप भोकं आहेत. १७८३ ते १७९४ या काळात तर दर नोंदीला तीन पेन्स कर होता, म्हणून पुष्कळ गरिबांनी मुलांची नोंदच केली नाही. अशा वेळी गोदीतल्या मजुराची साखळी अखंड राजवाड्यापर्यंत जाते म्हणणाऱ्याने पुरावा दाखवावा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीशी मी थांबले ती. 'मागे बायको आणि पाच लहान मुलं.' ग्लासगोत मिचेल लायब्ररीत शहराचं अभिलेखागार आहे आणि तिथे १८५१पासूनचे, पॅरिशकडे मदत मागणाऱ्या गरिबांचे अर्ज आहेत. ग्लासगो, बॅरनी आणि गव्हन, तिन्ही पॅरिशांचे. धडधाकट पुरुषाला त्या काळी स्कॉटलंडमध्ये मदतीचा हक्क नव्हता, पण लहान मुलं असलेल्या विधवेला होता. १८९७-९८च्या हिवाळ्यात त्या बाई पॅरिशच्या दारात गेल्या असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते.

त्या अर्जात काय काय असतं बघा. नाव, वय, राहण्याचा पत्ता, त्याआधीचे पत्ते. धर्म. लग्न कुठे झालं, कोणत्या पाद्र्याने लावलं. नवरा कशाने गेला. मुलांची नावं आणि वयं. स्वतःच्या आईवडिलांची नावं, नवऱ्याच्या आईवडिलांची नावं. आणि जन्मगाव, तेही नुसतं 'आयर्लंड' नाही, बरेचदा काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि पॅरिश. इतकं खोदून विचारायचं कारण कायद्यात होतं. १८४५च्या कायद्याप्रमाणे ज्याचं एखाद्या पॅरिशमध्ये पाच वर्षं सलग वास्तव्य नसेल त्याचा खर्च ती पॅरिश उचलत नसे, आणि आयरिश माणसाला तर बोटीत बसवून परत पाठवता येई. परत कुठे पाठवायचं ते कळावं म्हणून गाव लिहून घेत. त्या बाईने पाच मुलांना घेऊन, परत पाठवतील या धास्तीत दिलेलं ते उत्तर आज तिच्या पणतवंडांना तिचं गाव सांगतंय. हा कागद मिळाला तर मुलाला एकट्याला वाचायला देऊ नका. शेजारी बसून वाचा.

एवढं झालं, की मग समुद्र ओलांडा. तेव्हा तुमच्या हातात पणजोबांच्या वडिलांचं नाव, आईचं नाव, तिचं माहेर आणि नशीब असेल तर पॅरिश असेल. आयर्लंडमध्ये सगळ्यात लहान महसुली गाव म्हणजे टाउनलँड. आपल्या सातबाऱ्यावर 'मौजे' असतं ना, तसंच समजा, फक्त कधीकधी वाडीएवढंच लहान. असे ६०,००० हून जास्त टाउनलँड आहेत आणि एकाच नावाचे अनेक. त्यांच्यावर सिव्हिल म्हणजे सरकारी पॅरिश, त्यावर बॅरनी (तालुक्यासारखा विभाग, ग्लासगोच्या बॅरनी पॅरिशशी याचा संबंध नाही), मग काउंटी. कॅथलिक चर्चची पॅरिश वेगळी, तिची हद्दही वेगळी आणि पुष्कळदा नावही वेगळं. नवीन माणूस इथेच गोंधळतो. नकाशा समोर ठेवल्याशिवाय या कामाला हात घालू नका.

'सगळं जळालं' हे अर्धं खरं आहे. ३० जून १९२२ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१पर्यंतच्या चार जनगणना जवळपास पूर्ण जळाल्या, चर्च ऑफ आयर्लंडची निम्म्याहून अधिक रजिस्टरं गेली. पण १८६१ आणि १८७१च्या जनगणना त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाल्या होत्या आणि १८८१, १८९१चा तर पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगदा केला होता. कॅथलिक चर्चची रजिस्टरं ज्याच्या त्याच्या पॅरिशमध्ये होती, म्हणून ती वाचली. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची चित्रं २०१५पासून फुकट खुली केली आहेत, साधारण १८८०पर्यंतची. १८६४नंतरच्या सरकारी नोंदींची चित्रंही आयरिश सरकारच्या साइटवर फुकट आहेत.

डोनेगॉलच्या पुष्कळ पॅरिशांची रजिस्टरं १८५०च्या पुढेच सुरू होतात, म्हणून पणजोबांचा स्वतःचा बाप्तिस्मा मिळाला नाही तर खचू नका. त्यांच्या धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे शोधा, तीच आई आणि तोच बाप असलेले. नावं लॅटिनमध्ये असतील. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, ब्रिजेटची ब्रिगिडा. धर्मपिता आणि धर्ममाता म्हणून ज्यांची नावं असतात ती बहुतेक काका-मामा-मावश्या असतात, तीही वहीत उतरवून घ्या.

जोडीला ग्रिफिथचं मूल्यांकन पाहा. १८४७ ते १८६४ या काळात जमिनीवर कर बसवायला सरकारने टाउनलँडवार घरटी कसणाऱ्याचं नाव लिहिलं. बायकामुलं त्यात नाहीत, पण त्या काळच्या जनगणना न उरलेल्या देशात घराघराची ती एकच यादी आहे. पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि आईच्या माहेरचं आडनाव एकाच किंवा लागूनच्या टाउनलँडमध्ये दिसलं, की समजा जवळ पोचलात.

१९०१ आणि १९११च्या जनगणना मात्र शाबूत आहेत, फुकट आहेत, आणि घरोघरी भरून घेतलेले मूळ फॉर्म पाहायला मिळतात. गावी राहिलेला एखादा भाऊ त्यात नक्की शोधा. १९११च्या फॉर्मवर बाईच्या लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि त्यांतली किती आज आहेत, हे तीन रकाने आहेत. वाचता येतं का, आयरिश भाषा येते का, तेही. आणि वयं बघून चक्रावू नका. १९०१ला ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ला ७०चा निघतो. जानेवारी १९०९पासून ७० वर्षांच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं आणि जन्माचा दाखला तर कोणाकडेच नव्हता. मग डब्लिनला अर्ज करून १८४१ किंवा १८५१च्या जनगणनेत आपलं नाव शोधून घ्यायचं. आईबापांची नावं आणि टाउनलँड त्या अर्जावर लिहावं लागे. मूळ जनगणना १९२२ला जळाली, पण त्या तपासणीचे अर्ज उरले आहेत. एखाद्या थोरल्या भावाने किंवा बहिणीने पेन्शन मागितलं असेल, तर जळालेल्या पानावरचं तुमचं घर त्या चिठोऱ्यात सापडू शकतं.

तुमच्या सासरचं आडनाव मी इथे छापत नाही, पण डोनेगॉलच्या त्या भागात ते घरोघरी आहे. तिथली माणसं यावर आपल्यासारखाच तोडगा काढत: माणसाचं नाव, मग बापाचं, मग आजाचं. आडनाव घ्यायचंच नाही. सासऱ्यांना विचारा, घरात पणजोबांना 'अमक्या तमक्याचा' असं काही म्हणायचे का. ते टोपणनाव निरर्थक वाटलं तरी लिहून ठेवा. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची तीन घरं निघाली, तर निवाडा तेच करेल.

आता सासूबाईंच्या आजीबद्दल. आधी तो कागद पूर्ण वाचा. समासात एखादी बारीक टीप आहे का? असली तर ती दुरुस्ती-नोंदवहीकडे बोट दाखवते. आईने शेरीफ कोर्टात (तिथल्या स्थानिक न्यायालयात) दावा लावून बापाचं नाव सिद्ध केलं असेल, तर तो निकाल त्या वहीत असतो, बापाच्या नावासह. मग आजीच्या स्वतःच्या लग्नाची नोंद पाहा. अशा मुली लग्नाच्या वेळी पुष्कळदा वडिलांचं नाव सांगत. तिच्या आईचं पुढे लग्न कोणाशी झालं तेही बघा. स्कॉटलंडच्या कायद्यात आईवडिलांनी नंतर एकमेकांशी लग्न केलं की आधीचं मूल औरस ठरायचं. इंग्लंडमध्ये ही सोय व्हायला १९२६ उजाडलं. तेव्हा तो एक शब्द म्हणजे त्या घराची पूर्ण हकिकत नव्हे.

आणि तो शब्द रजिस्ट्रारचा आहे, घरच्यांचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमध्ये दहातलं जवळपास एक मूल असं नोंदलं जात होतं. शेतावर, गिरणीत, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुलींची ही मुलं. बहुतेक वेळा आजी-आजोबांनी ती आपलीच म्हणून वाढवली.

माझं मत विचाराल, तर सांगावं. पण कागद पुढे करून नाही, आणि नातवाच्या तक्त्यावर लिहून तर मुळीच नाही. आधी नवऱ्याला सांगा, आई त्याची आहे. मग एखाद्या दुपारी सासूबाईंना चहाला बसवून त्यांच्या आजीबद्दल विचारा. कशी होती, काय रांधायची, कोणाकडे वाढली. त्यांना बोलू द्या. मला आलेला अनुभव असा, की म्हाताऱ्या माणसांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त माहीत असतं, कोणी विचारलेलं नसतं इतकंच. त्या स्वतः 'आजीचे वडील कोण होते कोणास ठाऊक' इथपर्यंत आल्या, तर माझ्याकडे कागद आहे आणि पाहायचा असेल तर दाखवेन, असं म्हणा. नको म्हणाल्या तर पाकिटात घालून ठेवा. त्या हयात असेपर्यंत इंटरनेटवरच्या कुठल्याही वंशवृक्षात ही नोंद जोडू नका. ते नातं आधी त्यांचं आहे, मग आपल्या शोधाचं. शाळेच्या तक्त्यावर आजीच्या वडिलांची चौकट कोरी राहिली तरी चालेल.

पणजोबांची मृत्यूनोंद हाती आली, की दोन गोष्टी मला कळवा: खबर कोणी दिली आणि आईचं माहेरचं आडनाव काय. अक्षर लागलं नाही तर पानाचं चित्रच पाठवा. त्या काळच्या हस्ताक्षरात लागोपाठ दोन 'एस' आले की पहिला 'एफ'सारखा लांब काढायचे. 'एफ' धरून शोधत बसलात तर ते आडनाव कुठल्याच यादीत सापडणार नाही.